असल, नक्कल आणि आत्याची वस्ती

त्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी यायचं, आणि आमच्या ऑफिसात एसीखालच्या बादलीवरून भांडणं व्हायची. सर्व्हरच्या खोलीतला एसी दिवसभर थेंबथेंब गाळायचा. ते पाणी संध्याकाळी कुणी घरी न्यायचं, याच्या वारानुसार पाळ्या लावलेल्या होत्या. माझा वार बुधवार. एका बुधवारी हिशेबातल्या बाईनं ती बादली गुपचूप पळवली, तर मी चार दिवस तिच्याशी बोलले नाही. एवढी मी तापट, आणि एवढं ते पाणी महाग.

मी मूळची हदगावची. नांदेडला डिप्लोमा केला, तिथंच दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त्या केल्या आणि मग लातूरला एका कंत्राटदाराच्या एजन्सीत लागले. मी "काय करून राहिले" म्हटलं की लातूरची मंडळी हसायची. मी म्हणायची, हसा, तुमचं मशीन बंद पडलं की मीच लागते. एजन्सीकडं टँकरच्या नोंदी ठेवायचं काम होतं. कुठल्या गावानं टँकर मागितला, पाहणी झाली का, मंजुरी मिळाली का, हे सगळे कागद आमच्याकडं यायचे. ते स्कॅन करायचे, यादीत नोंद घालायची आणि रोज सकाळी यादीवरून ड्रायव्हर लोकांचे पास छापायचे. पास छापला तरच टँकर जायचा. पास नाही तर टँकर नाही, मग गाव कितीही बोंबलू दे.

ही सगळी माया एका सर्व्हरमध्ये होती. त्यात दोन डिस्का, आणि दोन्हींवर तंतोतंत तेच लिहिलेलं. लिहायचं म्हटलं की दोन्हीकडं एकदम लिहायचं, म्हणजे एक मेली तरी दुसरी जिवंत. याला मिरर म्हणतात. हे लिहिणं-वाचणं सांभाळायला मध्ये एक कार्ड असतं, कंट्रोलर. आमचं कार्ड स्वस्तातलं होतं. ते मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ऐकतंय कोण!

त्या खोलीवर नजर ठेवायला एक काका होते. उदगीरकडचे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आवाज खणखणीत. जन्मभर सरकारी रेकॉर्डखान्यात नकला देण्याचं काम केलेलं, आणि रिटायर झाल्यावर एजन्सीनं त्यांना देखरेखीला ठेवलेलं. कॉम्प्युटर त्यांना समजत नव्हता, पण जबाबदारी समजत होती, आणि ती ज्यांना कॉम्प्युटर समजतो त्यांच्यात फार आढळत नाही. मी त्यांना मिरर समजावून सांगितला तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे एक असल, एक नक्कल. मग चिठ्ठ्या लाव की पोरी. रेकॉर्डात असल कोणती, नक्कल कोणती, हे वरूनच दिसलं पायजे."

मी म्हटलं, "काका, दोन्ही सारख्याच असतात. यात असल-नक्कल काही नसतं."

"असं कसं? अगुदर एक असतीच की."

त्यांनी स्वतःच्या मोत्यासारख्या अक्षरात दोन चिठ्ठ्या लिहिल्या. वरच्या डिस्कच्या ट्रेवर लाल शाईत 'असल', खालच्यावर निळ्या शाईत 'नक्कल', डिंकानं चिकटवून. मला हसू आलं, पण मी काढल्या नाहीत. म्हातारा माणूस, कशाला दुखवा.

त्यातच नव्या जिल्ह्याची हवा उठली. जिल्हा तुटणार, काही तालुके तिकडं जाणार, म्हणून वरून निरोप आला की तिकडच्या तालुक्यांची कागदपत्रं वेगळी काढा. कागद तर काढायचेच, वर सर्व्हरवरचे स्कॅनही उघडून, बघून, तालुक्यानुसार वेगळे करायचे. चार मुली सकाळपासून संध्याकाळपर्यंत स्कॅन उघडायला बसल्या. मशीनवर एवढा वाचनाचा भार कधीच पडला नव्हता, आणि कार्डाच्या नाकी नऊ आले. मध्येच गपकन थांबायचं, एक-दोन मिनिटं पडदे गोठायचे, मग आपोआप ठीक व्हायचं.

वाचताना दोन डिस्कांना काम कसं वाटून द्यायचं, याच्या कार्डात तीन तऱ्हा होत्या. पाळीपाळीनं, एकदा ही एकदा ती. किंवा जिच्याकडं त्या घडीला काम कमी तिला. किंवा सगळं एकाच डिस्कवरून. पंगतीत दोन वाढपी असले की एकानं ही ओळ, दुसऱ्यानं ती ओळ घेतली की लवकर उरकतं, तसाच हा प्रकार. अगोदर दुसरी तऱ्हा लावलेली होती. ती बदलून मी पाळीची लावली, तर अडकणं थोडं कमी झालं. मला लई शहाणपणा वाटला स्वतःचा.

एकदा कार्ड अडकलं तेव्हा त्यातला बझर किरकिरायला लागला. काका कानात बोटं घालून म्हणाले, "बंद कर गं माय ती किरकिर." मीही वैतागलेली होते. सेटिंगमध्ये जाऊन बझर बंद करून टाकला. तो का वाजतोय हे बघायला पाहिजे होतं. नाही बघितलं. मशीन चालत होतं, माझ्या मते तेवढं पुरे होतं.

आता आत्याचं सांगते. माझी सख्खी आत्या रेणापूर तालुक्यातल्या एका गावात राहायची. गावात म्हणजे गावात नव्हे, ओढ्यापलीकडं आमच्या बौद्ध लोकांची वस्ती, तिथं. टँकर यायचा तो गावच्या विहिरीत रिकामा व्हायचा. ओढा ओलांडून वस्तीच्या बायका पोचेपर्यंत विहिरीवर गर्दी झालेली असायची, आणि "तुमचं मागून" हे कुणी तोंडानं बोललं नाही तरी घागरी मागंच राहायच्या. शेवटी गाळ यायचा. आत्या सातवी शिकलेली. वस्तीतला कुठलाही अर्ज असो, तिच्याच हातचा. तिनं वस्तीसाठी सवता टँकर मागितला. एकदा नाही, अर्जावर अर्ज केले, तहसीलात जाऊन बसली. आत्याच्या चिकाटीपुढं लोक शेवटी हात टेकायचे. पाहणीला माणसं आली, पंचनामा झाला, मंजुरी झाली, आणि तो कागद आमच्याच ऑफिसात आला. स्कॅन मी केला, नोंद मी घातली. यादीत वस्तीचं नाव गावाच्या नावाखाली, पण वेगळ्या ओळीत आलं. मी फोन करून सांगितलं तर आत्या म्हणाली, "जय भीम गं माझी वाघीण," आणि रडायलाच लागली.

टँकर सुरू झाला. सुरुवातीचे आठ-दहा दिवस नेमानं आला. मग आत्याचा फोन, "पोरी, आज टँकर आला न्हाई." दुसऱ्या दिवशी म्हणे आला. तिसऱ्या दिवशी नाही. तिनं ड्रायव्हरला विचारलं तर तो म्हणाला, "मी काय करू मावशी, पास कधी हाय, कधी न्हाई."

मी यादी उघडली. वस्तीची ओळच नाही. माझ्या हातानं घातलेली ओळ! विजेचा भरवसा नसल्यानं आम्ही मशीन रोज संध्याकाळी बंद करून सकाळी चालू करायचो. चालू झालं की यादी एकदा डिस्कवरून उचलली जायची आणि दिवसभर तीच वापरात असायची. मी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. ओळ हजर. पुन्हा बंद, पुन्हा चालू. ओळ गायब.

मग मी वाचनाची तऱ्हा बदलली. सगळं एकाच डिस्कवरून, आधी वरच्या. वस्ती नाही. मग फक्त खालच्या. वस्ती आहे. तेव्हा उलगडा झाला. ज्या दिवशी बझर वाजला त्या दिवशी वरची डिस्क मिररमधून गळून पडली होती. तीन आठवडे तिच्यावर काहीच लिहिलं गेलं नाही, आणि त्या काळात यादीत पडलेली नवी ओळ एकच, वस्तीची. पुढं कधीतरी कार्ड अडकून सुटलं, तेव्हा ती आपोआप परत आत आली, आणि त्या दळभद्री कार्डानं मधल्या तीन आठवड्यांचं काही न विचारता तिला हिरवा दिवा दिला. वर मी लावलेली पाळी. एक दिवस खरी यादी, एक दिवस जुनी. वस्तीला पाणी मिळायचं की नाही, ते या पाळीवर चाललं होतं.

वरची म्हणजे 'असल' जुनाट होती. खालची म्हणजे 'नक्कल' बरोबर होती. उपाय सोपा होता. जुनी डिस्क बाहेर ओढायची, मिनिटभर थांबायचं, परत बसवायची. मग कार्ड तिला नवी समजून चांगल्या डिस्कवरून सगळं तिच्यावर उतरवून घेतं. सगळे स्कॅन आधी दुसरीकडं काढून ठेवावेत म्हणून मी प्रयत्न केला, पण तेवढं वाचायला लावलं की कार्ड अडकायचं. आणखी छेडलं तर चांगली डिस्कही गळायची, ही धास्ती. म्हणून ठरवलं, आधी मिरर दुरुस्त करू, मग बाकीचं.

काकांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मान हलवली. "न्हाई पोरी. असल आणि नकलेत फरक पडला तर नक्कल फाडतेत. असलवरून नवी करतेत. मी जन्मभर हेच केलं."

"काका, अहो तुम्ही चिठ्ठी लावली म्हणून ती असल झाली! मशीनला काय माहीत?"

"उद्या कुणी विचारलं, असल टाकून नक्कल का धरली, तर सही कुणाची? माझी."

"आणि माझ्या आत्याच्या वस्तीचं काय?"

ते म्हणाले, "कसं करायचं ते कागदावर लिहून दे. सकाळी मी माझ्या हातानं करतो. तू असशीलच." सर्व्हरच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडं, सही त्यांची. मी फणकाऱ्यानं लिहून दिलं, कोणती डिस्क ओढायची तेवढं सोडून. पण डोक्यात दुसरंच शिजत होतं.

संध्याकाळी ते हातपाय धुवायला गेले, कपाट उघडंच होतं. डिस्का अदलाबदल करायची माझी हिंमत नव्हती, कार्डाचा काय भरवसा. मी चिठ्ठ्या अदलाबदल केल्या. नखानं हळू सोडवल्या, डिंक लावून चिकटवल्या. आता खालच्या चांगल्या डिस्कवर लाल 'असल', वरच्या जुन्या डिस्कवर निळी 'नक्कल'. सकाळी काका हट्टानं 'नक्कल' बाहेर ओढतील, म्हणजे जुनीच बाहेर येईल. त्यांचा नियमही राहील, आत्याची वस्तीही राहील. घरी जाताना मी स्वतःवर खूश होते.

सकाळी आमच्या गल्लीत टँकर आला. बाराव्या दिवशी आला होता, सोडणार कोण? मी सगळ्या घागरी घेऊन रांगेत उभी राहिले, फोन घरात चार्जिंगला. काका माझ्यासाठी थांबतील असं मी धरूनच चालले होते. पाणी भरून, दोन बायकांशी भांडून घरात आले तर काकांचे तीन मिस्ड कॉल. ऑफिसात पोचायला अकरा वाजले.

काका खुर्चीत बसले होते, चेहरा उजळलेला. म्हणाले, "ये पोरी. झालं तुझं काम."

"काय झालं?"

"रातभर विचार केला. म्हटलं, आपण जन्मभर कागद सांभाळला, आता एकदा माणूस सांभाळू. तू म्हंतीस तर नक्कलच खरी. मी असल ओढली बाहेर. मिनिटभर थांबलो, परत बसवली. कागदावर लिवलं तसंच. समदं उतरून घेतलं बघ त्यानं, हिरवा दिवा आला."

त्यांनी 'असल' लिहिलेली ओढली होती. म्हणजे खालची. म्हणजे चांगली. आणि जुन्या डिस्कवरून सगळं तिच्यावर उतरवलं होतं. आता खरोखरच दोन्ही डिस्का तंतोतंत सारख्या होत्या, आणि आत्याची वस्ती दोन्हींवर नव्हती.

मी यादी उघडली. काका पाठीमागं चष्मा सावरत उभे. ओळ दिसली नाही तेव्हा त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "जन्मात एकदा नियम सोडला, आणि बघ."

त्या घडीला मला बोलता आलं असतं. काका, तुमचं काहीच चुकलं नाही, चिठ्ठ्या मी बदलल्या. एवढंच वाक्य. मी बोलले नाही. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण खरं सांगायचं तर मला लाज वाटली. दुपारी ते जेवायला गेले तेव्हा मी दोन्ही चिठ्ठ्या खरवडून काढल्या आणि चुरगळून पर्समध्ये टाकल्या. काकांनी परत कधी त्या खोलीतल्या मशीनला हात लावला नाही. महिन्याभरात काम सोडून उदगीरला गेले.

ओळ पुन्हा घालायला मंजुरीचा कागद लागायचा, आणि तहसीलात त्याची दुसरी प्रत नव्हती. लोक विचारतात, मूळ कागद होता ना? होता. नव्या जिल्ह्यासाठी वेगळे काढलेले कागद कापडाच्या रुमालात बांधून ट्रकनं कुठल्याशा गोदामात पाठवले होते, आणि त्या गडबडीत रेणापूरसारख्या न जाणाऱ्या तालुक्यांचेही गठ्ठे गेले. मी दोनदा गोदामावर गेले. गठ्ठ्यांवर गठ्ठे, तळाचे उंदरांनी खाल्लेले, कुलूपवाल्याला काही माहीत नाही. नवा जिल्हा आजपर्यंत झालेला नाही. आणि मी, कॉम्प्युटरची एवढी जाणकार, आदल्या दिवशी खालच्या डिस्कवर तो पंचनामा डोळ्यांसमोर उघडा असताना एक पान छापून ठेवलं नाही. मिनिटभराचं काम होतं. मला सुचलंच नाही. मी मशीनच्याच विचारात होते. यावर आजही रात्ररात्र झोप लागत नाही.

वस्तीला सांगितलं गेलं, नोंद सापडत नाही, नव्यानं अर्ज करा, नव्यानं पाहणी होईल. पाहणीवाले दुष्काळभर दुसरीकडंच अडकलेले. आणि इकडं गावच्या विहिरीवर वस्तीच्या बायका गेल्या तर नवंच ऐकायला मिळालं, "तुमचा सवता टँकर झाला की! आता आमच्या हिरीवर कशाला?" पूर्वी निदान गाळ तरी मिळायचा. आता तोही गेला. बायका तीन कोसांवरच्या मळ्यातल्या बोअरवर हांडे घेऊन जायला लागल्या. हळूहळू घरांना कुलपं लागली. कुणी पुण्याला बांधकामावर, कुणी हैदराबादला. जाताना एकीनं आत्याच्या तोंडावर म्हटलं, "तुझ्या अर्जापायी आमचं व्हतं ते बी गेलं."

आत्या माझ्याकडं लातूरला राहायला आली. वाकलेली, गप्प. पहिल्याच संध्याकाळी भाकरी मोडता मोडता तिनं विचारलं, "पोरी, तू तिथंच हायेस. खरं सांग. माझ्याच अर्जात कायतरी चुकलं असंल का गं? वेलांटी, तारीख, कायतरी?"

मी ताटाकडं बघत म्हटलं, "असेल आत्या. कधी कधी होतं."

मी असं का बोलले? मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही. ती मान हलवून म्हणाली, "मला वाटलंच व्हतं."

त्यानंतर गल्लीतल्या बायका तिच्याकडं अर्ज लिहून घ्यायला यायच्या, कुणीतरी त्यांना सांगितलेलं की मावशीचं अक्षर चांगलं हाय. आत्या हात जोडायची. "माझ्या हाताला यश न्हाई बायांनो. दुसऱ्या कुणाकडून लिवून घ्या."

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. तिचं नाव माझ्या रेशन कार्डावर चढवायचं होतं, म्हणून आम्ही दोघी दुकानात फॉर्म भरायला गेलो. मी फॉर्म भरला आणि सहीसाठी पेन तिच्या हातात दिलं. तिनं पेन काऊंटरवर ठेवलं, दुकानदाराकडं बघितलं आणि म्हणाली, "अंगठाच घ्या."

मी म्हटलं, "आत्या, तुला सही येते की."

"न्हाई गं," ती म्हणाली. "येत न्हाई."

दुकानदारानं शाईचा डबा पुढं केला. मी तिचं मनगट धरलं, अंगठा शाईत टेकवला आणि फॉर्मवर दाबला.